ब्रेक आवळण्याआधी वायर मोकळी करा

सायकलचा ब्रेक कमी लागायला लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. लिव्हरपाशी असलेला गोल पेच दोन-चार आटे फिरवायचा, नाहीतर दुकानात नेऊन "जरा ब्रेक आवळून द्या" म्हणायचं. चार-आठ दिवस बरं वाटतं. मग लिव्हर पुन्हा जड होतो, दाबून सोडला की सावकाश परत येतो, आणि चाक हाताने फिरवून पाहिलं तर ब्रेकचं रबर रिमला घासत असतं. थांबायला हवं तेव्हा सायकल थांबत नाही आणि चालवायला जावं तर ओढल्यासारखी चालते. अशा वेळी आणखी आवळलं की दुखणं वाढतंच, कारण ते मुळात सैलपणाचं नसतं. ते लिव्हरपासून ब्रेकपर्यंत गेलेल्या वायरमध्ये असतं. ती आत कुठेतरी अडते आहे.

ही वायर घरी साफ करता येते, वंगण देता येतं आणि गरज पडली तर बदलताही येते. पान्याला फारसा हात न लावलेल्या माणसालाही जमेल असं हे काम आहे. मात्र ते ब्रेकचं काम आहे, म्हणून घाई करायची नाही, आणि कुठे थांबून दुकान गाठायचं तेही आधी समजून घ्यायचं.

या वायरचे दोन भाग असतात. आतली पोलादी वायर, तिला दुकानात 'इनर' म्हणतात. आणि तिच्यावरचं कव्हर, म्हणजे 'आऊटर'. लिव्हर दाबला की इनर ओढली जाते, हे सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी आऊटरवर तेवढाच दाब येतो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. आत ओढली जाणारी वायर आणि बाहेर तो दाब सोसून न दबणारं कव्हर, अशी ही जोडी आहे. म्हणूनच ती वळणावळणाने नेता येते आणि हँडल वळवलं तरी ब्रेक लागतो. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. मोटारसायकलचा क्लच असो की लहान मुलाची सोळा इंची सायकल, आजही तत्त्व तेच आहे.

आता घर्षणाचं पाहू. इनर आऊटरच्या आत सरकताना प्रत्येक वळणावर घासते आणि बोटांचा थोडा जोर तिथेच जिरतो. वायर स्वच्छ असेल तर हा तोटा जाणवत नाही. आत पाणी, माती, गंज शिरला की निम्मा जोर वाटेतच संपतो. शिवाय लिव्हर दाबायला आपली चार बोटं असतात. परत आणायला मात्र ब्रेकमधली एक छोटी स्प्रिंग, आणि तिचा जोर बोटांपेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे वायर जड होऊ लागली की ती आधी परत येताना अडते. लिव्हर सोडल्यावर तो 'खट्' करून जागेवर न येता रेंगाळत आला, तर ती पहिली सूचना समजा. ब्रेक लागेनासा होण्याच्या खूप आधी ती मिळालेली असते.

आपल्या हवेत हे दुखणं जास्त. जून ते सप्टेंबर सायकल भिजते, तशीच जिन्याखाली उभी राहते, आऊटरच्या टोकांतून पाणी आत झिरपतं. कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तर पाऊस नसतानाही खारी हवा पोलादाला सोडत नाही. मागच्या ब्रेकची वायर सगळ्यात लांब, आणि बऱ्याच सायकलींवर ब्रेकच्या अलीकडे तिला खाली झोळ येतो. पाणी उतरून नेमकं तिथेच साचतं. शेजारच्या एका मुलीच्या सायकलचं मागचं आऊटर गणपतीनंतर सोडवून उभं धरलं, तेव्हा खालच्या टोकातून तपकिरी पाण्याचे थेंब गळले आणि फरशीवर डाग पडला. इनर ओढून पाहिली तर वरचा हातभर भाग चकचकीत होता आणि झोळाच्या जागेचा चार बोटं तुकडा काळपट, खरखरीत. बाकी त्या ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. रबरं चांगली होती, लिव्हर चांगला होता. चार बोटांच्या गंजामुळे सायकल थांबत नव्हती.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

लिव्हर जड असेल तर दोष तीन ठिकाणी असू शकतो: लिव्हरमध्ये, वायरमध्ये किंवा खालच्या ब्रेकच्या सांध्यात. ओळखायची पद्धत साधी आहे. खालच्या ब्रेकपासून वायर सोडवा आणि प्रत्येक भाग वेगळा हलवून पाहा. ब्रेकच्या दोन्ही भुजा हाताने रिमवर दाबून सोडल्या आणि त्या झटकन मागे गेल्या, तर ब्रेक ठीक आहे. लिव्हर रिकामा हलवल्यावर सहज फिरला, तर तोही ठीक आहे. मग एका हाताने इनरचं खालचं टोक हलकं ताणून धरा, दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा आणि सोडा. वायर आत सरकताना करकर जाणवली, मध्येच अडली, तर दोष सापडला. भुजाच अडकत असतील तर वायरला कितीही तेल पाजून उपयोग नाही. त्यांच्या खिळ्यांवर साचलेली माती काढून तिथे थेंबभर तेल द्यावं लागतं.

वायर सोडवायची कशी, हे ब्रेकच्या प्रकारावर आहे. गिअरच्या आणि बऱ्याच नव्या सायकलींना व्ही-ब्रेक असतो: रिमच्या दोन्ही बाजूंना उभ्या भुजा आणि वरून एक वाकडी धातूची नळी. दोन्ही भुजा हाताने जवळ दाबा आणि ती नळी तिच्या खाचेतून मागे ओढून वर काढा. पाना लागत नाही. रिमच्या वर मधोमध एकाच बोल्टवर बसवलेला कॅलिपर ब्रेक असेल तर काहींना एक छोटी कळ असते, ती वर केली की वायर सैल होते. साध्या सायकलींना ही कळ नसते. तिथे लिव्हरजवळचा गोल पेच पूर्ण आत फिरवून जेवढा सैलपणा मिळेल तेवढा घ्यावा लागतो, नाहीतर वायर पकडणारा नट सोडावा लागतो.

एक पथ्य पाळा: एका वेळी एकच ब्रेक सोडा. दुसरा जोडलेला राहू द्या. वायर कुठून गेली होती, टोपी कुठे होती, वॉशर कोणत्या बाजूला होता, याचा नमुना सायकलवरच तयार असतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगलं.

न कापता, न खोलता होणारी सफाई

व्ही-ब्रेकच्या सायकलवर सर्वांत उपयोगी काम पाना न लावता होतं, आणि ते फार थोडे लोक करतात. नळी सोडवून वायर सैल केली की फ्रेमवर जिथे आऊटरची टोकं टेकलेली असतात ते छोटे आधार नीट पाहा. बहुतेकांना उभी खाच असते. आऊटरचं टोक थोडं मागे ओढलं की इनर त्या खाचेतून बाजूला बाहेर येते. लिव्हरपाशीही तसंच: गोल पेच, त्याची चकती आणि लिव्हरचं अंग, या तिघांच्या खाचा एका रेषेत आणल्या की वायर बाहेर निघते आणि टोकावरची गुंडी लिव्हरमधून सुटी करता येते. आता आऊटरचे तुकडे इनरवरून मागेपुढे सरकवता येतात. जो भाग एरवी कव्हरखाली लपलेला असतो तो उघडा पडतो. खालच्या बोल्टची पकड तशीच राहते, त्यामुळे पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही.

उघडा पडलेला भाग जुन्या सुती फडक्याने चिमटीत धरून पुसा. फडकं काळं येईल. मेणचट थर असेल तर फडक्यावर थोडं रॉकेल घ्या. गंजाचे हलके ठिपके पुसून जातात. बोट फिरवल्यावर खरखर लागेल इतका खोल गंज असेल तर पुसत बसू नका, ती वायर बदलायची आहे. फडकं कुठे अडकलं, धागा ओढला गेला, तर तिथे एखादी बारीक तार तुटलेली असणार. इनर ही एक तार नसते. बहुतेक ब्रेकच्या इनरमध्ये १९ बारीक तारा पीळ देऊन बसवलेल्या असतात. एक तुटली की बाकीच्यांवर भार वाढतो आणि मग एकामागून एक तुटत जातात. उघड्या बोटांनी हे तपासू नका, तुटलेली तार सुईसारखी आत शिरते.

आऊटरच्या आत काय आहे तेही पाहा. कापलेल्या टोकात डोकावल्यावर पोलादी वेटोळ्यांच्या आत प्लॅस्टिकची बारीक नळी दिसली, तर ते अस्तराचं आऊटर. त्याला वंगण अगदी थोडं लागतं. इनरवर तेलाचं बोट फिरवलं तरी पुरतं. जाड ग्रीस भरलं तर उलट इनर जड सरकते आणि ग्रीसला धूळ चिकटत जाते. आत नुसतं पोलाद दिसलं, जसं जुन्या किंवा स्वस्त सायकलींत असतं, तर मात्र तिथे तेल किंवा पातळ ग्रीस हवंच.

साध्या सायकलीवर आऊटर बऱ्याचदा लिव्हरपासून ब्रेकपर्यंत अखंड असतं आणि फ्रेमला क्लिपांनी बांधलेलं असतं. खाचा नसतात, त्यामुळे सरकवायला जागा नाही. तिथे लिव्हरकडचं टोक सोडवून शक्य तितकं उभं धरा. लहान प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक कोपरा किंचित कापा, तो आऊटरच्या टोकावर चढवून रबर बँडने घट्ट बांधा, इनर त्यातून वर येऊ द्या आणि पिशवीत दोन चमचे पातळ तेल ओता. अधूनमधून इनर वरखाली करत राहा. तेल हळूहळू उतरतं. खालच्या टोकाला कापड धरा. आधी काळं पाणी येईल, मग काळं तेल, मग स्वच्छ तेल. स्वच्छ यायला लागलं की झालं. खालच्या कापडावर विशेष लक्ष ठेवा. एक थेंबही रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर जाता कामा नये. गेलाच तर रिम साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि रबराचा वरचा थर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा.

तेल कोणतं

शिलाई मशीनचं तेल चांगलं. सायकलच्या दुकानात मिळणारं साखळीचं पातळ तेलही चालतं. दोन्ही पातळ असतात, आत शिरतात आणि सुकून चिकट होत नाहीत.

खोबरेल तेल मात्र नको. घरात हाताशी असतं म्हणून ते कड्या-कुलपांपासून सायकलपर्यंत सगळीकडे घातलं जातं. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. डिसेंबरात नाशिक किंवा पुण्याची सकाळ याहून कितीतरी थंड असते, म्हणजे मुलं शाळेत निघायच्या वेळी तेल वायरमध्ये घट्ट झालेलं असतं. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेलही नको. खाद्यतेलं हवेत राहून चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात. फवाऱ्याच्या डब्यातला गंज सोडवणारा द्रव अडकलेली वायर मोकळी करायला उपयोगी पडतो, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर उरतो. तो मारून काम संपवू नका, नंतर तेल द्या. हा फवारा सायकलवर उभा धरून मारू नका, तो हमखास रिमवर उडतो.

वायर कधी बदलायची

कुठेही एखादी तार तुटलेली दिसली की बदलायची. यात पुढे ढकलण्यासारखं काही नाही. सर्वांत जास्त तुटतात त्या लिव्हरच्या आत, गुंडीच्या लगेच पुढे, कारण तिथे वायर दर वेळी वाकते. ती जागा सहसा दिसत नाही. लिव्हर पूर्ण दाबून खालून टॉर्च मारा. दुसरी जागा म्हणजे ब्रेकवरच्या बोल्टखाली. तिथे वायर चपटी झालेली असणं साहजिक आहे, तुटलेली असणं नाही. आणि ध्यानात घ्या, वायर तुटते ती आपण जोरात ब्रेक मारतो त्या क्षणी. दिवे घाट किंवा खंबाटकी उतरताना तो क्षण आला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आऊटर मुडपलं असेल, त्याची प्लॅस्टिकची साल फाटून पोलाद दिसत असेल, टोक उसवलं असेल, तर तेही बदला. मुडपलेलं आऊटर हाताने सरळ केलं तरी आतून सरळ होत नाही.

दुकानात गेल्यावर "ब्रेकची वायर द्या" एवढंच म्हणू नका. आपली जुनी वायर सोबत न्या. गुंडीचे दोन प्रकार आहेत: सरळ हँडलच्या सायकलला आडव्या लहान पिंपासारखी गुंडी लागते, आणि खाली वळलेल्या हँडलच्या रेसिंग सायकलला एका बाजूला निमुळती. काही इनरना दोन टोकांना दोन प्रकारच्या गुंड्या असतात. नको असलेली कापून टाकायची. ब्रेकची इनर साधारण १.५ ते १.६ मिलिमीटर जाड असते, गिअरची १.१ ते १.२. आऊटरही वेगळं. ब्रेकच्या आऊटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते. गिअरच्या आऊटरमध्ये बऱ्याचदा तारा लांबीच्या दिशेने सरळ ठेवलेल्या असतात. वरून दोन्ही सारखीच दिसतात. गिअरचं आऊटर ब्रेकला लावलं तर जोरात दाबल्यावर त्या सरळ तारा साल फोडून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक एकदम जातो. दुकानदाराकडे ब्रेकचं नाही म्हणून "हेच चालतं" असं ऐकलंत तर घेऊ नका.

साधी इनर शंभर रुपयांच्या आत मिळते. स्टेनलेस स्टीलची थोडी महाग असते, पण किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तीच घ्यावी. तिथे हे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सोबत दोन बारीकसारीक वस्तू घ्या: आऊटरच्या टोकांना बसणाऱ्या टोप्या आणि इनरच्या टोकाला दाबून लावायची ॲल्युमिनियमची टोपी. ही दुसरी टोपी नसली की इनरचं टोक आठवड्याभरात उसवतं, आणि मग पुढच्या वेळी ती वायर सफाईसाठी काढली तर पुन्हा आऊटरमधून ओवता येत नाही. पाच रुपयांच्या टोपीपायी चांगली वायर फेकावी लागते.

हत्यारं फारशी लागत नाहीत. नव्या सायकलींना ५ मिलिमीटरची एल-की, साध्या सायकलींना आठ-नऊ आणि दहा-अकराचे पाने, एक पक्कड, बारीक कानस आणि टोच्या. वायर कापायला धारदार कटर हवं. भाजीची कात्री किंवा बोथट पक्कड वापरली तर टोक चिरडतं. चांगलं कटर नसेल तर दुकानातूनच लांबी मोजून कापून आणा, ते जास्त शहाणपणाचं.

लावताना

नव्या आऊटरची लांबी जुन्याच्या बरोबरीने घ्या, पण आधी जुनी लांबी बरोबर होती का ते तपासा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वायर ताणली जात असेल तर आऊटर तोकडं आहे, मोठा वेढा घेऊन बाहेर येत असेल तर लांब आहे. ताण न येता सर्वांत छोटा आणि सर्वांत सौम्य वळणाचा रस्ता हवा.

आऊटर कापताना आत जुन्या इनरचा एक तुकडा घालून ठेवा, म्हणजे ते चपटं होत नाही. कापल्यावर टोक पाहा. पोलादाचा एक दात बाहेर आलेला असतो आणि आतली प्लॅस्टिकची नळी मिटलेली असते. कानशीने टोक सपाट करा, टोच्या घालून नळीचं तोंड गोल करा. नव्या वायरीचा ब्रेक दाबताना स्पंजासारखा लागतो, तो बहुतेक वेळा या वाकड्या टोकांमुळे. टोक तिरकं असेल तर दाब आला की ते आधारात सरकत राहतं, आणि तेवढी लिव्हरची चाल फुकट जाते.

टोप्या बसवा, इनरला तेलाचं बोट लावून ओवा, लिव्हरजवळचा पेच पूर्ण आत फिरवून एखाद-दोन आटे बाहेर घ्या. मग रबरं हाताने रिमवर दाबून धरा, घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या, पक्कडीने इनरचं टोक ताणा आणि बोल्ट आवळा. व्ही-ब्रेकवर हा बोल्ट साधारण ६ ते ८ न्यूटन मीटर इतका आवळायचा असतो. टॉर्कचा पाना घरी नसतोच; छोटी एल-की टोकाला धरून मनगटाच्या जोरावर घट्ट करा, तिला पाइप लावून अंगाचा भार टाकू नका. साध्या कॅलिपरला वायर बोल्टच्या भोकातून जाते. तिथे एका पान्याने बोल्ट धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. बोल्ट धरला नाही तर तो वायरसकट फिरतो आणि तारा कातरतो.

आता लिव्हर दहा-बारा वेळा सगळ्या जोराने दाबा. बोल्ट सरकत असेल तर तो रस्त्यावर सरकण्यापेक्षा इथे सरकलेला बरा. एवढ्या दाबण्यात टोप्या, आऊटरची टोकं आपापल्या जागी घट्ट बसतात आणि वायर थोडी सैल झाल्यासारखी वाटते. लोक याला वायर ताणली म्हणतात. खरं तर बहुतेक सैलपणा या बसण्याचाच असतो. एकदा पुन्हा बोल्ट सोडून सैलपणा ओढून घ्या. पहिल्या आठवड्यानंतरही थोडं जुळवावं लागेल, त्यासाठी लिव्हरजवळचा पेच पुरतो. तो बाहेरच्या बाजूला फिरवला की वायर ताणली जाते. निम्म्याहून जास्त आटे बाहेर काढू नका, आणि त्याची चकती घट्ट करायला विसरू नका.

रबर आणि रिम यांत प्रत्येक बाजूला साधारण एक मिलिमीटर अंतर हवं. लिव्हर तिसरा हिस्सा ते निम्मा दाबल्यावर ब्रेक पकडायला हवा, आणि पूर्ण जोराने दाबल्यावरही लिव्हर आणि मूठ यांच्यात बोटभर जागा राहायला हवी. एकच रबर घासत असेल तर व्ही-ब्रेकच्या भुजेखाली एक लहान स्क्रू असतो. घासणाऱ्या बाजूचा स्क्रू पाव फेरी आत फिरवा, लिव्हर दाबून सोडा, पाहा, मग पुढचा पाव. रबर टायरला लागत नाही ना, रिमच्या खाली उतरत नाही ना, हेही त्याच वेळी बघा. टायरला लागणारं रबर थोड्याच दिवसांत टायर फाडतं.

सगळं जमल्यावर इनरचं तीन-चार सेंटिमीटर टोक ठेवून बाकीचं कापा आणि टोपी दाबा. कोणता लिव्हर कोणत्या ब्रेकचा, तेही पाहा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, काही परदेशी बनावटीच्या सायकलींना उलटा. जसा होता तसाच ठेवा. सवयीच्या हाताने भलताच ब्रेक दाबला गेला तर माणूस पडतो.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर आधी वायर आहे की तेलाची बंद नळी, ते पाहा. नळी असेल तर तिला घरी हात लावू नका. वायर असेल तर सफाई वर सांगितली तशीच, फक्त तेलाची बाटली चकतीपासून दूर ठेवा. चकतीवर तेल गेलं तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण पॅड तेल प्यायले तर सहसा बदलावेच लागतात. पॅड झिजल्यामुळे ब्रेक सैल झाला असेल तर वायर ताणून भरपाई करू नका. पॅड जवळ आणायचा पेच ब्रेकवरच असतो, तो वापरा. वायर ताणून ठेवली की ब्रेकचा दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि पुढे जोर देता येत नाही. जुन्या काळ्या सायकलींचे सळईचे ब्रेक वेगळे. तिथे वायरच नाही.

पहिली चाचणी अंगणात किंवा इमारतीच्या आवारात, पायी चालण्याच्या वेगाने. सायकलवर बसू नका, बाजूने चालत ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा: मागचं चाक उचललं जायला हवं. मागचा दाबा: चाक अडून घसटायला हवं. मग बसून हळू, मग थोडं जोरात. दोन्ही समाधानकारक असतील तरच रस्त्यावर. इतकं करूनही लिव्हर मुठीला टेकत असेल, बोल्टचे आटे झिजलेले असतील, भुजा वाकलेली असेल, तर सायकल चालवत नव्हे, हाताने ढकलत दुकानात न्या.

वर्षातून दोनदा ही सफाई पुरते. एकदा मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दसऱ्याला, सायकल धुऊन हार घालण्याआधी. रोज भिजणारी सायकल असेल तर श्रावणातही एकदा तेल द्या. धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत आऊटरच्या टोकांवर मारू देऊ नका. ज्यांच्या गावात सायकलचं दुकान नाही त्यांनी एक जादा इनर आणि दोन टोप्या घरात ठेवाव्यात. महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेल्या मुली रोज त्याच सायकलवरून दुसऱ्या गावच्या शाळेत जातात, आणि दुकान बहुधा तालुक्याला असतं. शाळेत कुणा शिक्षकाने एका शनिवारी हे काम मुलींना शिकवलं तर त्या ते सहज करतील.

घरात मुलाची सायकल असेल तर आज संध्याकाळी दोन्ही लिव्हर एकेकदा दाबून सोडून पाहा. झटकन परत आला नाही त्या ब्रेकची वायर, उद्या सायकल शाळेला निघण्याआधी मोकळी करा.